बिघाडाची चौकशी



कामगार चळवळीतला माणूस व्याख्यानाला उभा राहिला म्हणजे तो बोनसवर नाही तर महागाईवर बोलणार, असे श्रोते धरूनच चालतात. आज आम्ही यांपैकी कशावरच बोलणार नाही. आमच्या घरच्या संगणकाचे ग्राफिक्स कार्ड गेले, निदान गेले असे आम्हांस सांगण्यात आले, त्याची हकीकत सांगणार आहोत. आमचे शाळेतले शिक्षण थोडे. संगणक आम्ही पन्नाशीत शिकलो, तोही मुलीकडून. तेव्हा तज्ज्ञ म्हणून नव्हे, तर कारखान्यातल्या चौकश्यांना बसलेला माणूस म्हणून बोलतो.

ग्राफिक्स कार्ड म्हणजे काय, ते आधी पाहू. पडद्यावरचे चित्र ठिपक्यांचे असते. साध्या पडद्यावर 1920 गुणिले 1080, म्हणजे वीस लाखांहून अधिक ठिपके असतात आणि ते सेकंदाला साठ वेळा नव्याने रंगवावे लागतात. हे काम करणारा वेगळा कारागीर म्हणजे हे कार्ड. त्याची स्मृती वेगळी, पंखा वेगळा आणि भूकही मोठी. ज्या स्लॉटमध्ये ते बसते तिथून त्याला 75 वॅटपर्यंत वीज मिळते. ती पुरली नाही, तर एसएमपीएसमधून, म्हणजे संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्यातून, वेगळी वायर घ्यावी लागते. सहा पिनांची वायर आणखी 75 वॅट देते, आठ पिनांची 150.

आमची मुलगी फौंड्रीच्या पॅटर्नची ड्रॉइंगे करते. पत्रे, हिशेब चालू असेतो संगणक ठीक असे. पण पॅटर्न पडद्यावर गोल फिरवून पाहू लागले, की पडदा काळा होई आणि यंत्र आपोआप पुन्हा सुरू होई. आम्ही ते दुरुस्तीला नेले. दुकानदाराने कार्ड काढून ठेवले आणि मदरबोर्डच्या स्वतःच्या चित्रसोयीवर संगणक दोन दिवस चालवला. एकदाही बंद पडला नाही. "काका, कार्ड गेलंय. नवीनच घाला," असा निकाल मिळाला. किंमत ऐकली, ती आमच्या सभासदांपैकी कित्येकांच्या महिन्याच्या पगाराएवढी. तरी आम्हांस ते पटले. कार्ड काढले आणि बिघाड थांबला, याहून सरळ पुरावा कोणता?

पण रात्री झोप लागेना. हीच वाक्यरचना आम्ही पूर्वी कुठे तरी ऐकली होती.

वीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. एका फौंड्रीत पावसाळ्यात कास्टिंगमध्ये ब्लो होल येऊ लागले. माल नापास होऊ लागला. मोल्डर हलगर्जी करतो, असे व्यवस्थापनाचे म्हणणे. दसऱ्याच्या सुमारास त्याला कामावरून कमी केले आणि नापास माल खरोखरच घटला. झाले! सगळ्यांना पटले. आम्हांलाही पटले आणि युनियनने त्याची बाजू घेतली नाही. पुढच्या पावसाळ्यात त्याच जागी दुसरा माणूस उभा होता, आणि ब्लो होल पुन्हा आले. तेव्हा कुठे आम्ही शेडचे पत्रे पाहिले. पाणी वाळूच्या ढिगावर गळत होते. ओल्या वाळूची वाफ होते आणि ती ओतीव लोखंडात पोकळी करते, हे आम्हांस काय ठाऊक नव्हते? मोल्डर गेला त्याच सुमारास पाऊसही गेला होता, एवढेच आमच्या ध्यानात आले नाही. त्याला बोलवायला आम्ही गेलो. तो परत आला नाही.

कार्डाच्या बाबतीत हीच चूक होत होती. कार्ड काढले, तेव्हा त्याच्याबरोबर त्याच्या विजेचा भारही निघून गेला. बिघाड थांबला तो कार्ड गेल्यामुळे की भार गेल्यामुळे? एका बाजूच्या साक्षीवर निकाल देता येत नाही.

मग मुलगी आणि आम्ही मिळून चौकशीला बसलो. नियम एकच: एका वेळी एकच बदल करायचा आणि तो वहीत लिहायचा. प्रथम संगणक बंद करून विजेची वायर काढली, कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावला, म्हणजे अंगावरची स्थिर वीज उतरते, आणि मगच आत हात घातला. पंखा बोटाने धरून ब्रशने धूळ काढली. कार्ड काढून, त्याच्या सोनेरी कडा खोडरबराने हलकेच पुसून, पुन्हा नीट बसवले. फरक नाही. ड्रायव्हर, म्हणजे कार्डाला काम सांगणारी आज्ञावली, नव्याने घातली. फरक नाही. उष्णता पाहिली, यंत्र बंद पडण्याच्या क्षणी कार्ड सत्तर अंशांच्याही खाली होते. म्हणजे तापून बंद पडत नव्हते.

मग ते कार्ड भाच्याच्या संगणकात बसवले. संध्याकाळभर पॅटर्न फिरवला. काही झाले नाही. त्याचा एसएमपीएस आमच्याकडे लावला. आमचे यंत्र आमच्याच कार्डासह चालले. शेवटी आमचा जुना एसएमपीएस परत जोडला आणि पाच मिनिटांत पडदा काळा! ही शेवटची पायरी लोक गाळतात. पण दोष जाऊन परत आणता आला, तरच तो सापडला असे म्हणावे. डबा जुना झाला होता. हलक्या कामाला तो पुरे. कार्डाने एकदम ओढ घेतली की त्याचा दम तुटे. नवा डबा कार्डाच्या किमतीच्या मानाने किरकोळ खर्चात आला. मात्र तो डबा स्वतः उघडू नका; वायर काढल्यावरही त्यात वीज साठलेली राहते.

पडद्यावर रंगीत ठिपके वा पट्टे येत असतील, तर आणखी एक सोपी कसोटी आहे. पडद्याचा स्क्रीनशॉट घ्या आणि तो दुसऱ्या यंत्रावर पाहा. ठिपके त्यात उतरले असतील तर संशय कार्डावर किंवा त्याच्या आज्ञावलीवर. उतरले नसतील तर आधी केबल आणि मॉनिटर तपासा.

कार्ड नेहमी निर्दोषच असते, असे मात्र आम्ही म्हणत नाही. 2008 साली एनव्हिडिया कंपनीने स्वतःच जाहीर केले, की लॅपटॉपमधल्या तिच्या काही चिपांच्या जोडणीचे साहित्य कमकुवत निघाले, आणि त्यासाठी 15 ते 20 कोटी डॉलरची तरतूद केली. दोषी असेल तो दोषीच. पण आधी चौकशी.

हे शहर तरी चौकशीचेच आहे. बाबूराव पेंटरांनी 1918 साली इथे स्वतःचा सिनेमाचा कॅमेरा उभा केला, तो यंत्र उघडून, समजून घेऊन. उद्यमनगरातला जुना मिस्त्री आजही पाना हातात घेण्याआधी इंजिनाचा आवाज ऐकतो. केंद्र सरकारनेही 2022 च्या डिसेंबरात दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केले. हक्क कागदावर आला, तरी तो वापरण्याची सवय आपली आपणच लावून घ्यावी लागते.

त्या दुकानदाराला आम्ही दोष देत नाही. त्याच्या टेबलावर दहा यंत्रे पडलेली. नवा भाग विकला तर आपण मुकाट पैसे देतो, आणि नुसता दोष शोधून दिला तर "केलंस काय?" म्हणून घासाघीस करतो. शोधण्याच्या श्रमाला आपण मजुरी देत नाही, मग शोधील कोण? उद्या कुणी कारागीर तुमचे यंत्र तासभर तपासून "कार्ड चांगलं आहे" असे सांगेल, तेव्हा त्या तासाचे पैसे आनंदाने द्या.

आमचे कार्ड आजही चालते आहे. त्याची चौकशी आम्ही तीन संध्याकाळ बसून केली. त्या मोल्डरसाठी आम्ही एक संध्याकाळही दिली नव्हती, हे या सभेत कबूल करतो आणि आपली रजा घेतो.