नव्या घराचा नकाशा कोणाला दाखवावा?

(मंडळाच्या मासिक कार्यक्रमात केलेले भाषण)



सध्या आपल्या इंदूरच्या मराठी घरांमध्ये जुने वाडे उतरताहेत आणि नवी घरं उभी राहताहेत, तेव्हा या विषयावर दोन शब्द बोला, असा कार्यकारिणीचा निरोप आला. आम्ही काही वक्ते नाही. सिव्हिलचा डिप्लोमा, राज्य सरकारच्या बांधकाम खात्यात उपयंत्री, आणि वीसेक वर्षं दुसऱ्यांच्या इमारतींची मापं घेण्यात गेलेली. त्यामुळे स्वतःचं घर बांधायची वेळ आली तेव्हा आम्हाला वाटलं, यात विचारायचं कोणाला? नकाशा आम्हीच काढणार. हा भ्रम कसा उतरला, तेच आज सांगायचं आहे.

आमचा वाडा राजवाड्याच्या मागच्या गल्लीत. बाहेर ओटला, आत चौक, वर माडी. चार चुलत घरांचा हिस्सा होता, तो विकला. आमच्या वाट्याला आलेल्या पैशांत शहराबाहेरच्या कॉलनीत ३० बाय ५० चा प्लॉट घेतला, उत्तरेला रस्ता असलेला. राहणारी माणसं आठ : आम्ही दोघे भाऊ, दोघांच्या बायका, तीन मुलं आणि आई. आई तेव्हा ७४ वर्षांची.

नकाशा झाला आणि आम्ही तो सगळ्यांना दाखवला. कसा आहे म्हणून विचारलं. उत्तर एकच आलं, "छान आहे." आई म्हणाली छान आहे. दोघी सुना म्हणाल्या छान आहे. शेजारचे काका म्हणाले, छान आहे, फक्त देवघर ईशान्येला घ्या. आम्ही खूश.

मंडळी, "छान आहे" हे नकाशाला मिळालेलं उत्तर नसतं. नकाशा वाचणं ही सवयीची गोष्ट आहे. आम्हाला रेघ दिसली की भिंत दिसते. घरातल्या माणसांना रेघच दिसते. आपल्याला कळत नाही असं कोण कबूल करणार? आणि एवढ्या हौसेने काढलेल्या कागदाला नाव तरी कोण ठेवणार? म्हणून माणसं छान म्हणतात आणि चहाला उठतात. खात्यातही आम्ही हेच करत आलो होतो. एका क्वार्टरमध्ये स्वयंपाकघराचं दार उघडलं की गॅसच्या सिलिंडरवर आदळायचं. नकाशावर सगळ्यांच्या सह्या होत्या, पण तिथे स्वयंपाक करणाऱ्या बाईला कोणी विचारलं नव्हतं.

आम्हाला जाग आणली ती आमच्या भांडीवाल्या बाईने. नकाशा जेवणाच्या टेबलावर पसरलेला होता. तिने विचारलं, "भाभीजी, इसमें बर्तन कहाँ माँजूँगी?" आम्ही बोट ठेवायला गेलो आणि बोट फिरतच राहिलं. मोरी काढलेलीच नव्हती. ज्या बाईला नकाशा दाखवायचं आमच्या मनातही आलं नव्हतं, तिने पहिला खरा प्रश्न विचारला.

मग आम्ही प्रश्न बदलला. "कसा आहे?" हे विचारणं बंद केलं. प्रत्येकाला विचारलं, "सकाळी साडेसहाला तू या घरात कुठे असशील? पाऊस पडतोय, तू बाहेरून आलास, ओली छत्री कुठे ठेवशील? पाहुणे बसलेत आणि तुला आंघोळीला जायचंय, कुठून जाशील?" एक शंभर पानी वही केली. ज्याचं म्हणणं त्याच्या नावापुढे लिहायचं आणि मान्य झालं की नाही, नसेल तर का, तेही लिहायचं. पहिल्याच रविवारी १४ मुद्दे निघाले. बाथरूमला जायचा रस्ता पाहुण्यांच्या पुढून होता, हे आमच्या मुलीने दाखवलं. मे महिन्यात पश्चिमेच्या भिंतीने तिची खोली संध्याकाळभर तापणार, हेही तिनेच. जिना आणि बाथरूम पश्चिमेला सरकवले, खोली पूर्वेला आली.

दुसरं काम केलं ते वर्तमानपत्राचं. जुन्या घरातला पलंग, लोखंडी कपाट, शिलाई मशीन, सगळं टेपने मोजलं आणि त्याच प्रमाणात कागदाचे तुकडे कापून नकाशावर ठेवले. दहा बाय दहाच्या खोलीत डबल बेड आणि कपाट ठेवलं की कपाटाचं दार उघडायला जागा उरत नाही, हे तेव्हा दिसलं. कागदावरचं दहा फूट प्लास्टर झाल्यावर पूर्ण दहा राहत नाही, हेही धरावं लागतं.

तिसरं काम सगळ्यात महत्त्वाचं. प्लॉटवर फक्की टाकून पूर्ण नकाशा खऱ्या मापाने आखला. दारांच्या जागी विटा ठेवल्या. आणि सगळ्यांना म्हटलं, चला, राहून दाखवा.

मुलं धावली. आई हळूहळू चालत तिच्या खोलीत गेली. तिची खोली आम्ही मागे दिली होती, शांत म्हणून. ती त्या पांढऱ्या चौकोनात उभी राहिली, समोर पाहिलं आणि म्हणाली, "इथून फाटक दिसत नाही रे." आम्ही काहीतरी बोललो, मागे आवाज कमी, वारा चांगला. ती म्हणाली, "वाड्यात ओटल्यावर बसलं की येणारा-जाणारा दिसायचा. इथे कोण आलं, कोण गेलं, मला कोणी सांगितलं तर कळणार."

समोरच्या भागात आम्ही काय काढलं होतं? एका बाजूला गाडी आणि दुसऱ्या बाजूला ड्रॉइंग रूम. म्हणजे गाडीला समोरची जागा, महिन्यातून दोनदा येणाऱ्या पाहुण्यांना समोरची जागा, आणि आई मागे. नकाशा आम्हीच काढलेला, महिनाभर पाहिलेला, पण हे दिसलं नव्हतं. त्या दिवशी आम्ही दोघे भाऊ एकमेकांकडे पाहत नव्हतो.

ड्रॉइंग रूम रद्द झाली. तिथे आईची ११ बाय ११ ची खोली आली, फाटकाकडे मोठी खिडकी आणि बाहेर लहानसा ओटला. तिच्या खोलीला लागून संडास-बाथरूम, दार तीन फुटी आणि बाहेर उघडणारं. आत कोणी पडलं तर आत उघडणारं दार त्याच्याच अंगावर अडतं. हे आमच्या धंद्यातलं साधं ज्ञान, पण स्वतःच्या नकाशात विसरलो होतो. जिन्याचंही तसंच. राष्ट्रीय इमारत संहितेप्रमाणे घरातली पायरी १९ सेंटीमीटरपेक्षा उंच नको. आम्ही १६ ची केली, पाय ठेवायला २८ ची जागा दिली. दहा फूट सहा इंच चढायला वीस पायऱ्या लागल्या, जागा थोडी जास्त गेली, पण गुडघे वाचले.

आता राहिली शेवटची गोष्ट, जी सांगावी की नाही यावर आमच्या घरात चर्चा झाली. सर्वानुमते सांगतो आहोत.

नकाशात स्वयंपाकघर एकच होतं, खाली. वरच्या मजल्यावर, बरोबर त्याच्या डोक्यावर, एक स्टोअररूम होती. वहीचं काम सुरू झाल्यावर त्या स्टोअररूमवर कोणीतरी पेन्सिलीने बारीकसं प्रश्नचिन्ह काढलं. नाव नाही, वहीत नोंद नाही. आम्ही सगळ्यांनी ते पाहिलं आणि कोणीच विचारलं नाही. चार दिवस ते तसंच राहिलं.

फक्कीच्या रेषांमध्ये फिरताना आईने विचारलं, "महालक्ष्म्या कुठे बसवायच्या? पंगत कुठे?" आम्ही हॉल दाखवला. तिने पावलांनी मोजला. मग सगळ्यांच्या देखत म्हणाली, "आणि वरच्या खोलीवरचं ते प्रश्नचिन्ह कोणाचं?"

कोणी बोलेना. शेवटी धाकटी सून म्हणाली, "माझं, आई." तिची नोकरी सकाळी सातची, थोरलीची दहाची. एकीचे डबे पहाटे, दुसरीचे नऊला. एका ओट्यावर दोघींची रोज ओढाताण होत होती. भांडण नव्हतं, पण दोघी थकल्या होत्या. आणि वेगळं स्वयंपाकघर मागितलं तर घर मोडायला निघाली म्हणतील, ही भीती होती. थोरली म्हणाली, "मलाही तेच हवं होतं, मी बोलले नाही इतकंच."

आई म्हणाली, "मग स्टोअर कशाला? तिथे ओटा करा. चुली दोन होऊ द्या, देवघर एक ठेवा. सणावाराचं जेवण खाली." विषय तिथे संपला. वरचं स्वयंपाकघर खालच्याच्या बरोबर वर आल्याने पाण्याच्या आणि सांडपाण्याच्या लाइनी सरळ खाली उतरल्या, खर्चही फारसा वाढला नाही. तेच स्लॅब पडल्यावर सुचलं असतं तर तोडफोड झाली असती, आणि सुचूनही कोणी बोललं नसतं तर काय झालं असतं, ते तुम्ही जाणता.

सगळ्यांचं सगळं ऐकलं असं नाही. धाकट्या भावाला दोन मजली उंच हॉल हवा होता, तो झाला नाही. काकांच्या ईशान्येत आईची खोली आली, म्हणून देवघर पूर्वेच्या भिंतीला गेलं. काकांना समजावून सांगितलं, त्यांनी मानलं. कॉलम-बीमचं डिझाइन मात्र स्ट्रक्चरल इंजिनिअरकडूनच करून घेतलं, त्यात घरच्यांचं मत चालत नाही आणि आमच्या डिप्लोम्याचंही नाही. बाकी ठिकाणी एक नियम ठेवला : जो ती जागा रोज वापरणार, त्याचा शब्द शेवटचा.

मागच्या वैशाखात वास्तुशांत झाली. भाद्रपदात महालक्ष्म्या बसल्या. १४ बाय २० च्या हॉलमध्ये दोन ओळींत अठरा पानं मांडली. पुरण खाली शिजलं, भजी वरच्या ओट्यावरून तळून येत होती. आई तिच्या खिडकीशी बसून कोण कोण आलं ते आतल्यांना सांगत होती.

चूक राहिली नाही असंही नाही. मखराच्या जागेजवळ विजेचा पॉइंट द्यायचा राहिला. दरवर्षी गणपतीत आमच्याकडे जिन्याखालून लांब वायर येते.

तुमच्यापैकी कोणी घर बांधत असेल तर नगर निगममध्ये नकाशा लावण्याआधी रविवारी सकाळी मंडळाच्या वाचनालयात घेऊन या. आम्ही तिथे असतो, पाहून देऊ. फक्त एकटे येऊ नका. आईला, सुनेला, मुलांना बरोबर आणा. आणि पेन्सिल आणा.

गणपती बाप्पा मोरया!