मोटार शिकणारांचे स्वभाव

मोटार चालविणें ही हातापायांची विद्या समजली जाते. परंतु ती शिकविणारांस विचारलें तर तींत स्वभावाचा वांटा मोठा आहे, असेंच ते सांगतील. पांढऱ्या पाटीवरचें तांबडें ‘एल्’ अक्षर सर्व शिकाऊंस सारखेंच. त्यामागें बसणारीं माणसें मात्र निरनिराळीं.

कॉलेजांतल्या तरुणाला क्लच आणि गिअर यांचा मेळ दोन दिवसांत साधतो. तरीहि शिक्षकाचा पाय आपल्या बाजूच्या जादा ब्रेकवरून हलत नाहीं. तासाला ३६ किलोमीटर या बेताच्या वेगानेंहि गाडी एका सेकंदांत १० मीटर जाते. समोर मूल धांवत आलें हें ध्यानांत येऊन पाय ब्रेकवर पडेपर्यंतच तेवढें अंतर सरून जातें. तरुणाला हें गणित येत असतें, पटलेलें नसतें.

वर्षानुवर्षें स्कूटर चालविलेल्या गृहस्थांची गोष्ट वेगळी. रहदारीचा अंदाज त्यांना आहे. पण फटींतून वाट काढण्याची संवय सुटत नाहीं. गाडीची डावी बाजू कोठें संपते, हें त्यांना नव्यानें शिकावें लागतें, आणि नवें शिकण्यापेक्षां जुनें विसरणें अवघड.

निवृत्त कारकुनांनीं सर्व सूचना वहींत उतरून घेतलेल्या असतात. ‘क्लच हळू सोडावा’ हें त्यांना पाठ आहे. परंतु हळू म्हणजे किती, हें इंजिनाच्या आवाजावरून पायालाच उमगावें लागतें.

राहिल्या चाळिशीच्या गृहिणी. चढावर त्यांच्याकडून क्लच एकदम सुटतो, चाकांचा भार एकाएकीं इंजिनावर पडतो आणि गाडी बंद पडते. मागून भोंग्यांचा गजर सुरू होतो. शेजारीं यजमानच शिकवावयास बसले असले तर रात्रीं पानावर तीच थट्टा! अशा थट्टेपायीं कित्येक परवाने कपाटांतच राहतात.

उत्तम शिक्षक या चौघांस एकाच मापानें मोजीत नाहीं. तरुणाला तो शाळा सुटण्याच्या वेळीं गल्लींतून सावकाश नेतो. स्कूटरवाल्यांस मोकळ्या मैदानांत दोन खुणांमधून गाडी मागें घ्यावयास लावतो. कारकुनांची वही मिटवून त्यांना नुसतें इंजिन ऐकावयास सांगतो. गृहिणींस तो पहाटे निर्जन चढावर नेतो. तेथें हँडब्रेक ओढलेलाच ठेवून क्लच हळूहळू सोडावयाचा. इंजिनाचा आवाज खालावला आणि गाडी पुढें ओढ घेऊं लागली कीं पाय तेथेंच धरावयाचा, दुसऱ्या पायानें ॲक्सिलरेटर किंचित् दाबावयाचा आणि मग हँडब्रेक सोडावयाचा. दहा वेळां हें साधलें कीं भोंग्यांचें भय उरत नाहीं.

भित्र्या माणसाचें लक्ष स्वतःकडे असतें, सावध माणसाचें रस्त्याकडे. तें लक्ष एकीकडून दुसरीकडे वळविणें, एवढेंच शिक्षकाचें काम. क्लच नसलेल्या गाड्या आल्या म्हणून तें संपलेलें नाहीं.

कायद्यानेंहि घाई सांगितलेली नाहीं. शिकाऊ परवाना मिळाल्यावर ३० दिवसांनीं परीक्षा देतां येते. पण त्याची मुदत सहा महिन्यांची आहे. घरांतील मंडळींनीं ती मुदत शिकणारास सुखानें उपभोगूं द्यावी. कोण किती दिवसांत शिकला, हें रस्ता ओलांडणाऱ्या मुलाला ठाऊक नसतें. गाडी वेळेवर थांबली कीं नाहीं, एवढ्याशींच त्याचा संबंध.