उल्लेखांची मोजदाद आणि दृष्टिपटल

(पुसद येथील व्याख्यानाचा संपादित अंश)



संशोधकाची थोरवी आज शोधनिबंधांच्या संख्येवरून आणि इतरांनी केलेल्या त्यांच्या उल्लेखांवरून ठरते. २००५ साली भौतिकशास्त्रज्ञ हिर्श यांनी त्यासाठी 'एच-निर्देशांक' सुचविला : ४० निबंध प्रत्येकी किमान ४० वेळा उल्लेखिले गेले, तर निर्देशांक ४०. हिशेब सोपा; म्हणूनच फसवाही.

सिकलसेलचेच पाहा. १९५८ साली नागपूरच्या शुक्ला आणि सोलंकी यांनी मध्य भारतातील या रक्तदोषाची नोंद 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध केली. या विकारात दृष्टिपटलाच्या कडेच्या सूक्ष्म रक्तवाहिन्या बुजतात, नाजूक नव्या वाहिन्या फुटतात, रक्तस्राव होतो, अखेरीस पटलच सुटते. अमेरिकेच्या मॉर्टन गोल्डबर्ग यांनी १९७१ साली हा क्रम पाच अवस्थांत मांडला. आजही नेत्रतज्ज्ञ त्याचाच आधार घेतात. उल्लेखांची ही कमाई खरी आहे, ती नाकारण्याचा करंटेपणा मी करणार नाही.

परंतु प्रारंभी रुग्णाची नजर शाबूतच असते. बाहुली मोठी करून तपासल्यावाचून काही कळत नाही. आपल्या यवतमाळातील वनवासी मुलाच्या डोळ्यांत कुणी डोकावले का, हे कोणता निर्देशांक सांगणार? जुलै २०२३ मध्ये राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले. रक्ततपासणीत ज्याला हा आजार निघेल, त्याचे दृष्टिपटलही नियमित तपासले जावे, ही मागणी पुसदहून गेली पाहिजे.