‘मॅडम, तुमचं मूल आलंय’

स्वागताध्यक्षाने आधी गावाची थोरवी गायची, हा रिवाज. आपली परिषद भरली आहे ते धावडा भोकरदन तालुक्यातलं; भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. तिथल्या दात्यांची नावं सांचीच्या स्तूपावर कोरलेली आहेत. शेजारी पिंपळगाव रेणुकाईचा मिरचीबाजार आहेच. थोरवी एवढी पुरे. वर्गशिक्षक, मुख्याध्यापक आणि मुलांना घेऊन आलेले आईवडील यांचं समिती मनापासून स्वागत करते.

दिव्यांग मुलांना शिकवणाऱ्या विशेष शिक्षकांचं स्वागत मात्र बेतानेच. शाळांमध्ये त्यांचं स्वागत आधीच फार होतं. ते येतात, चहा येतो आणि व्हरांड्यातून हाक येते, “मॅडम, तुमचं मूल आलंय.” मूल असतं चौथीच्या पटावर, हजेरी लागते चौथीच्या वर्गात, पण विशेष शिक्षिका दारात दिसली की ते तिचं होतं. तासभर कोपऱ्यात शिकवून ती पुढच्या शाळेला गेली की मूल पुन्हा मागच्या बाकावर.

दोष एकट्या वर्गशिक्षकाचा नाही. 28 ऑक्टोबर 2021 रोजी रजनीश कुमार पांडे प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने प्राथमिकला दहा दिव्यांग विद्यार्थ्यांमागे एक आणि पुढच्या वर्गांना पंधरांमागे एक विशेष शिक्षक असं प्रमाण सांगितलं. 2024 मध्ये महाराष्ट्राने शाळांच्या केंद्रागणिक एक अशी 4,860 पदं मंजूर केली. पण ही दहा मुलं दहा गावांत असली तर? प्रमाण कागदावर जुळतं, एसटीच्या वेळा जुळत नाहीत.

म्हणूनच वर्गात रोज उभा असणारा माणूस महत्त्वाचा. श्रवणयंत्र लावलेलं मूल ओठांकडे बघून समजून घेत असतं. गुरुजी फळ्याकडे तोंड करून लिहिता लिहिता बोलले की त्याचा तास तिथेच संपला. हे कोपऱ्यात बसून कितीही शिकवलं तरी सुटत नाही. विशेष शिक्षिकेला त्याच वर्गात बसून पाहावं लागतं, आणि गुरुजींना ते मोकळेपणाने ऐकावं लागतं. अंधुक दिसणाऱ्या मुलीसाठी फळ्यावरचं मोठ्याने वाचलं, तर मागच्या रांगेतल्या इतरांचीही सोय होते.

उलट बाजूही आहे. मधल्या सुट्टीत मूल कोणाबरोबर डबा खातं, अपूर्णांक कुठे अडला, हे वर्गशिक्षकाला ठाऊक असतं. त्याला न विचारता भरलेला वैयक्तिक शिक्षण आराखडा फायलीची जाडी वाढवतो, एवढंच. 2016च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात 21 प्रकार आहेत, त्यांत अध्ययन अक्षमताही आहे. अनेक वर्गांत तिला अजून ‘ढ’ म्हणतात. मग दहावीचे फॉर्म भरताना लेखनिक, जादा वेळ आणि प्रमाणपत्र यांची एकदम धावपळ सुरू होते. तिसरीतच दोघा शिक्षकांनी मिळून वही पाहिली असती, तर?

तेव्हा या परिषदेत बैठकव्यवस्था संवर्गानुसार नाही. प्रत्येक विशेष शिक्षकाशेजारी एक वर्गशिक्षक बसेल. पहिल्या सत्रात दोघे पुढच्या आठवड्यातला एकच पाठ घेऊन एकत्र आखतील. मुख्याध्यापकांना समितीची विनंती एकच: विशेष शिक्षकाच्या भेटीच्या दिवशी वर्गशिक्षकाची एक तासिका या चर्चेसाठी मोकळी ठेवा, आणि ती वेळापत्रकात शाईने लिहा. चहा पहिल्या सत्रानंतर मिळेल.