फासा उलटवणारा हात



सामुराईंच्या चित्रपटांत सूड हा आलाच. मात्र आज ज्या चित्रपटाविषयी बोलणार आहे, त्याचा नायक सूड घेणारा नाही. त्याच्यावरच कोणाचा तरी सूड उधार आहे. तोकुझो तानाका यांचा १९६३ सालचा हा चित्रपट झातोइची मालिकेतला तिसरा आणि पहिला रंगीत. शिंतारो कात्सू यांनी ही भूमिका १९८९पर्यंत २६ चित्रपटांत केली.

इची आंधळा. पोट मालिशवर, ऊठबस जुगारी टोळ्यांत आणि काठीत लपवलेली तलवार. तो आपल्या गुरूकडे, बान्नोकडे येतो. गुरूची बहीण यायोई त्याच्याशी लग्न करू पाहते आणि पुन्हा तलवार उपसणार नाही, असा शब्द तो तिला देतो. पण भावाच्या वधाचा सूड घ्यायला यासुहिको समोर उभा राहतो. इची गयावया करतो. यासुहिको म्हणतो, फाशावर ठरवू. हरलास तर उजवा हात द्यायचा. इची हरतो. यासुहिको फासा हळूच उलटवतो, तू जिंकलास म्हणतो आणि निघून जातो.

माझ्या मते चित्रपटातले सर्वांत मोठे शौर्य हेच. आम्हां जैनांच्या क्षमावाणीला क्षमा मागतात, तशी देतातही. मागणे त्या मानाने सोपे. देणाऱ्याला आपले न्याय्य येणे सोडावे लागते.

पुढे बान्नोच यासुहिकोला ठार करतो. प्रतिष्ठित सामुराई असूनही अपहरणाच्या कटात सामील असलेला हा गुरू! इचीचा शब्द मोडतो, तो गुरूला मारतो आणि यायोईला सोडून निघून जातो.

मग त्याचे व्रत खोटे होते का? मला तसे वाटत नाही. दवाखान्यात मी दारू सोडू पाहणारी माणसे पाहतो. निश्चय त्यांचा असतो. पण तो टिकायला घर, शेजार, जुने सोबती यांनीही वाट द्यावी लागते. इचीला ती एकाच माणसाने दिली, आणि तोही शत्रू.

उद्या हिंडलग्याच्या तुरुंगातून सुटलेला एखादा तुमच्या दुकानात काम मागायला येईल. त्याने काय सोडले, हे त्याला जरूर विचारा. पण आपण काय सोडायला तयार आहोत, हे आधी स्वतःला विचारा.