डाव्या पायाची रजा
(नेरूळ येथील वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



दरवर्षी या व्यासपीठावरून विवाह, शिक्षण आणि शिष्यवृत्ती यांविषयी विचार मांडले जातात. यंदा चिटणीसांनी मला विषयाची मोकळीक दिली आणि मी मोटारीचा विषय घेतला. शाळामास्तराने मोटारींविषयी, त्यातही जुन्या वेगवान मोटारींविषयी बोलावे, याचे कित्येकांस नवल वाटेल. परंतु या विषयाकडे मला माझ्या डाव्या गुडघ्याने नेले.

तीन वर्षांपूर्वी तो गुडघा आखडला. नेरूळहून वाशीस जाताना प्रत्येक सिग्नलला क्लच दाबावा आणि कळ मस्तकात जावी, असा प्रकार होऊ लागला. चिरंजीव म्हणाले, "अण्णा, आता गाडी चालवणं पुरे. किल्ली माझ्याकडे राहू द्या." तो मायेनेच बोलला, पण त्या रात्री मला जेवण गेले नाही.

गिअर बदलताना इंजिन आणि चाके यांचा संबंध क्षणभर तोडावा लागतो. क्लचचे काम एवढेच. म्हणजे चालकाचे श्रम दोन प्रकारचे. एक पायाचा, आणि दुसरा कोणता गिअर केव्हा घ्यावा या निर्णयाचा. अर्धस्वयंचलित मोटारीत पहिला श्रम यंत्र करते, दुसरा माणसाकडे राहतो. हे कळल्यावर मी या मोटारींची माहिती जमवू लागलो.

पहिले उदाहरण आपल्या महाराष्ट्रातच सापडले. राजर्षी शाहू महाराजांचे चिरंजीव छत्रपती राजाराम महाराज यांच्या काळात कोल्हापूर दरबारी जर्मनीची मेबॅक मोटार आली. दसऱ्यास सीमोल्लंघनासाठी राजघराणे तीतून दसरा चौकात येते. तुमच्यापैकी अनेकांनी ती पाहिली असेल. त्या कारखान्याच्या तत्कालीन पुष्कळ मोटारींत चालकाने सुकाणूवरील लहान दांड्या सरकवून ठेवावयाच्या आणि अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय उचलावयाचा. इंजिनातील हवेच्या ओढीने गिअर आपोआप बदले. क्लच लागे तो मोटार सुरू करताना आणि मागे घेताना.

पुढे 1967 साली पोर्शे कंपनीने आपल्या 911 या मोटारीस 'स्पोर्टोमॅटिक' नावाची योजना दिली. हिच्यात क्लचचे पेडलच नाही. चालकाने दांड्यास हात लावला की त्याच्या बुडाशी असलेली बारीक कळ दबते आणि निर्वाताच्या जोरावर क्लच सुटतो; गिअर टाकून हात काढला की पुन्हा जुळतो. शर्यतीच्या शौकिनांनी नाके मुरडली. 'हे म्हाताऱ्यांचे वाहन' अशी त्यांची भावना असावी! परंतु त्याच वर्षी जर्मनीतील न्यूर्बुर्गरिंग येथील 84 तासांची शर्यत याच योजनेच्या पोर्शेने जिंकली. 1980 पर्यंत ही योजना चालू होती.

अशी मोटार चालविणाऱ्यास एक सवय सोडावी लागते. आपण गिअरच्या दांड्यावर हात विसावून गप्पा मारीत जातो. स्पोर्टोमॅटिकमध्ये असा हात विसावला की क्लच सुटलाच. इंजिन नुसते ओरडते आणि मोटार ओढ धरीत नाही. मालकाने लक्ष ठेवावे ते रबरी नळ्यांवर. त्या वयोमानाने तडकतात, निर्वात टिकत नाही, आणि दोष मात्र गिअरपेटीला दिला जातो. मिस्त्रीने पेटी उघडण्यापूर्वी नळ्या पाहाव्यात. 2021 च्या केंद्रीय नियमांनुसार 50 वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात राखलेली मोटार 'व्हीए' अक्षरांच्या क्रमांकाने विंटेज म्हणून नोंदता येते. मग रोजच्या वापरास ती नेता येत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे आणि देखभाल अशा कामांपुरताच रस्ता मोकळा. ज्यांच्या घरी असे धन आहे त्यांनी तेवढ्या सवलतीचा तरी लाभ घ्यावा. वर्षानुवर्षे आच्छादनाखाली ठेवलेली मोटार आतून वाळते.

आमच्यासारख्यांना पोर्शे कोठून परवडणार! पण 2014 च्या फेब्रुवारीत मारुतीची सेलेरिओ आली, आणि क्लच व गिअर दोन्ही यंत्राने हलविण्याची सोय बेताच्या किमतीत मिळू लागली. हवे तेव्हा दांडा अधिक-उणे करून गिअर आपणही निवडावा. घाट उतरताना मी तो निवडतोच. दुसऱ्या गिअरची वेळ माझी मला कळते. चढावर मात्र अशी गाडी अ‍ॅक्सिलरेटरवर तोलून धरू नये, क्लच तापतो. ब्रेक लावावा.

तशीच एक गाडी आम्ही घेतली. दुसऱ्याच दिवशी पाम बीच रस्त्यावर सिग्नल लाल झाला. चाळीस वर्षांच्या सवयीने डाव्या पायाने क्लच जोरात दाबला. तेथे क्लच नव्हताच. रुंद ब्रेक होता. गाडी जागच्या जागी थिजली, चष्मा मांडीवर पडला, आणि मागचा टेम्पो वीतभर अंतरावर थांबला. टेम्पोवाला काय बोलला ते या व्यासपीठावरून सांगण्याजोगे नाही. चिरंजीव शेजारीच बसले होते. आता किल्ली जाणार, असे मी मनाशी धरले.

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "अण्णा, डावा पाय सीटखाली ओढून बसा." सिग्नल हिरवा झाला. वाशीपर्यंत गाडी मीच नेली.