ओलाव्याचा आंकडा

कोंकणांतील एखाद्या जुन्या वाचनालयांत श्रावणाच्या सुमारास कपाट उघडलें म्हणजे जो एक वास येतो, तो आपल्यापैकीं पुष्कळांच्या परिचयाचा असेल. हा जुन्या ग्रंथांचा वास, असें आपण कौतुकानें म्हणतों. वस्तुतः तो बहुधा बुरशीचा असतो. कागद, कापड, कातडें आणि खळ हीं चारी बुरशीचीं आवडतीं खाद्यें. सभोंवतालच्या हवेची सापेक्ष आर्द्रता ६५-७० टक्क्यांच्या वर दीर्घ काळ राहिली, कीं तिला पानावर पाय रोवतां येतो. ग्रंथपालास ही गोष्ट नाकानें कळते, पण ती फार उशिरां. ती अगोदर कळावी, आणि वाचनालयाच्या तुटपुंज्या वर्गणींत कळावी, यासाठीं आज एक सोय उपलब्ध आहे. तिच्याविषयीं, आणि विशेषतः तिच्यावर कितपत विश्वास टाकावा याविषयीं, मी आज बोलणार आहें.

ओलावा मोजण्याची खटपट नवी नाहीं. सोस्यूर या स्विस शास्त्रज्ञानें माणसाचा केंस ओलाव्यानें लांबतो या गुणाचा उपयोग करून आर्द्रतामापक बनविला व १७८३ सालीं त्या विषयावरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. पुढें वेधशाळांतून ओल्या व कोरड्या गोळ्याचे दोन उष्णतामापक शेजारीं टांगण्याची रीत रूढ झाली. आज हौशी माणसाच्या हातीं जी वस्तु येते, ती म्हणजे डीएचटी-२२ या नांवाची एक पांढरी, जाळीदार डबी. आंगठ्याच्या पेरापेक्षां फारशी मोठी नाहीं. तिच्या पोटांत ओलावा शोषणाऱ्या पातळ थराचा एक कंडेन्सर असतो. हवा दमट झाली कीं त्याची विद्युत् सांठविण्याची शक्ति बदलते. जोडीला उष्णमान सांगणारा एक बारीक मणी असतो, आणि या दोघांचें म्हणणें आंकड्यांत घालणारा एक चिमुकला कारकूनही आंतच बसविलेला असतो. निर्मात्याच्या म्हणण्याप्रमाणें आर्द्रतेंत सामान्यतः दोन टक्के आणि उष्णमानांत अर्धा अंश इतकाच फरक पडावा. डीएचटी-११ हें तिचें स्वस्त भावंड. परंतु त्याच्या आर्द्रतेंत पांच टक्क्यांचा फरक गृहीत धरलेला आहे, आणि ६५ व ७० यांतील भेद ज्याला महत्त्वाचा आहे त्यानें पैसा वांचविण्यासाठीं तें घेऊं नये.

डबीचें बोलणें ऐकावयास संगणक लागतो. इंग्लंडांतील केंब्रिज येथील एका संस्थेनें, मुलांनीं संगणकाशीं निर्भयपणें झटापट करावी या हेतूनें, २०१२ च्या फेब्रुवारींत रास्पबेरी पाय नांवाचा संगणक बाजारांत आणला. खेळण्याच्या पत्त्याएवढ्या एका पाटीवर सबंध संगणक. आणि तिच्या कडेला धातूच्या टांचण्यांची दुहेरी रांग. २०१४ पासून प्रचलित असलेल्या नमुन्यांत या टांचण्या चाळीस असतात. डबीची जाळी आपल्याकडे व पाय खालीं धरले असतां डावीकडून पहिला पाय विजेचा, दुसरा बोलण्याचा, तिसरा बिनकामाचा आणि चौथा भूमीचा. विजेचा पाय संगणकाच्या पहिल्या टांचणीस, भूमीचा सहाव्या टांचणीस व बोलण्याचा सातव्या टांचणीस जोडावा. पहिल्या दोन पायांच्या मध्यें दहा हजार ओहमांचा एक रोधक घालावा, म्हणजे कोणी बोलत नसतां तारेवरील दाब वर राहतो. दोन सूचना येथें अवश्य आहेत. सातव्या टांचणीस संगणक 'चार नंबर' म्हणतो. टांचणीची जागा आणि टांचणीचें नांव यांचे क्रमांक निराळे आहेत, आणि नवशिक्याची पहिली संध्याकाळ बहुधा या घोटाळ्यांत जाते. दुसरी सूचना अधिक महत्त्वाची. वीज ३.३ व्होल्टांचीच द्यावी. शेजारच्या टांचणीवर ५ व्होल्ट मिळतात व डबीला ते मानवतात, परंतु तो दाब बोलण्याच्या तारेवरून संगणकांत शिरला तर संगणक कायमचा निकामी होऊं शकतो.

आतां या दोघांचें संभाषण कसें चालतें तें पाहूं; पुढील पुष्कळशा घोटाळ्यांचें मूळ तेथें आहे. संगणक प्रथम तारेवरील दाब किमान एक सहस्रांश सेकंद खालीं ओढून धरतो व सोडतो, ही हांक. डबी ८० मायक्रोसेकंद दाब खालीं व ८० मायक्रोसेकंद वर, असा ओ देते. मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लक्षावा भाग. मग एकामागून एक चाळीस अक्षरें येतात. प्रत्येक अक्षराच्या आरंभीं दाब सुमारें ५० मायक्रोसेकंद खालीं असतो, नंतर वर जातो. तो २६ ते २८ मायक्रोसेकंदच वर राहिला तर शून्य समजावयाचें, ७० राहिला तर एक. म्हणजे सारी भाषा लघुगुरूंची! आर्या-श्लोक म्हणण्याची संवय असलेल्या कानाला ही कल्पना परकी वाटूं नये. फरक इतकाच, कीं येथें सबंध श्लोक सेकंदाच्या दोनशेव्या भागांत म्हणून संपतो.

समजा, कपाटांतील आर्द्रता ८१.४ टक्के आणि उष्णमान २७.३ अंश सेंटिग्रेड आहे. डबी दशांशचिन्ह पाठवीत नाहीं; ती ८१४ आणि २७३ हे अंक पाठविते, आणि तेही प्रत्येकीं दोन तुकडे करून. ८१४ म्हणजे तीन वेळां २५६ आणि वर ४६; २७३ म्हणजे एकदां २५६ आणि वर १७. तेव्हां तुकडे झाले ३, ४६, १ आणि १७. पांचवा तुकडा ताळ्याचा. तो या चौघांची बेरीज, ६७. बेरीज २५५ च्या पुढें गेली तर त्यांतून २५६ वजा करीत जाऊन जी बाकी उरेल ती पाठविली जाते. ऐकलेल्या चार तुकड्यांची बेरीज पांचव्याशीं जुळली नाहीं, तर सबंध वाचन टाकून द्यावयाचें.

आणि असें वारंवार होतें. रास्पबेरी पाय लिनक्स प्रणालीवर चालतो, आणि ही प्रणाली एकाच सकाळीं दहा घरचे गणपति बसविणाऱ्या भटजींसारखी आहे. प्रत्येक घरीं ती थोडा वेळ असते आणि मन पुढच्या घराकडे असतें. डबी बोलत असतांना तिचें लक्ष ५० मायक्रोसेकंद दुसरीकडे गेलें, कीं लघूचा गुरु झाला किंवा एखादें अक्षर गळालें. लिनक्सच्या गाभ्यांतच या डबीसाठीं तयार केलेला एक वाचक आहे, तो वापरल्यास चुका कमी होतात. संगणकाच्या आरंभींच्या मांडणींत एक ओळ घातली म्हणजे आंकडे फायलींतून दिसूं लागतात, हजारपटीनें, म्हणजे २७.३ अंशांचे २७३००. त्या ओळी मी येथें वाचून दाखवीत नाहीं. नभोवाणीवरून स्वल्पविरामांची उजळणी श्रोत्यांच्या कामाची नव्हे.

परंतु चुकलेल्या वाचनाचें काय करावयाचें, हें सांगितलेंच पाहिजे. डबीला दोन सेकंद विश्रांति देऊन पुन्हां विचारावें. दर दहा मिनिटांनीं पांच वाचनें घेऊन, चढत्या क्रमानें लावल्यावर मध्यें येणारें टिपावें; कारण ताळासुद्धां क्वचित् चुकीच्या अंकांवर योगायोगानें जुळतो, आणि मग कपाटांत एका क्षणांत वाळवंट झाल्याची नोंद होते. पांचही वेळां उत्तर आलें नाहीं, तर नोंदवहींत जागा रिकामी सोडावी. तेथें शून्य लिहूं नये, आणि मागचा आंकडाही पुढें ओढूं नये. मागचा आंकडा ओढणें हें मला अधिक वाईट वाटतें. शून्य निदान डोळ्यांत खुपतें. पण तार निसटलेली असतांना आठ दिवस ६४ टक्के दाखविणारें कपाट कोणाच्याच मनांत संशय आणीत नाहीं, आणि त्या आठ दिवसांत बुरशी आपलें काम करून जाते.

याहून मोठा धोका मात्र ताळा बरोबर जुळत असतांना होतो. पुष्कळ हौशी लोक सोयीसाठीं डबी संगणकाच्या पाटीलगत बसवितात व दोन्ही एकाच पेटींत बंद करतात. संगणक चालूं असतांना तापतो. कपाटांतील खरी हवा २७ अंश व ८० टक्के असेल आणि त्या उष्णतेनें डबीजवळची हवा ३० अंशांवर गेली, तर काय होईल? सापेक्ष आर्द्रता म्हणजे हवेंत जितकी वाफ मावूं शकते तिच्यापैकीं किती आहे, याचें प्रमाण. २७ अंशांपेक्षां ३० अंशांवर सुमारें १९ टक्के अधिक वाफ मावते. वाफ तितकीच राहिली, माप मोठें झालें. म्हणून डबी ८० ऐवजीं ६७ दाखविते. डबी खोटें बोललेली नाहीं. तिच्या भोंवतालीं खरोखरीच ६७ आहेत. परंतु ग्रंथ तिच्याजवळ नाहींत. आणि ही चूक नेहमीं एकाच दिशेची, आपल्याला हवें तेंच सांगणारी असते. ८० पाहून चिटणीस त्याच दिवशीं कपाटें मोकळीं करवितील. ६७ पाहून पुढील बैठकीपर्यंत थांबतील. म्हणून डबी संगणकापासून दूर, तारेच्या टोंकाला असावी. ३.३ व्होल्टांवर एका मीटरच्या आंतील तार निर्वेध काम देते, आणि तेवढें अंतर पुरेसें आहे.

डबी स्वतः खरी आहे कीं नाहीं, याची परीक्षा घरच्या मिठानें होते. एका झाकणांत मीठ घेऊन त्यांत पाण्याचे थेंब टाकीत ओल्या वाळूसारखें करावें. तें विरघळून जातां कामा नये. हें झाकण व डबी घट्ट तोंडाच्या बरणींत ठेवावीं, मीठ डबीला लागूं देऊं नये, तारेची फट मेणानें बुजवावी, आणि बरणी उन्हापासून दूर ठेवून रात्रभर हात लावूं नये. अशा ओल्या मिठावरील बंद हवेंत आर्द्रता ७५ टक्क्यांवर स्थिर होते; आपल्याकडील उष्णमानांत हा आंकडा फारसा हलत नाहीं. सकाळीं डबीनें ७९ दाखविले, तर या टप्प्यावर ती चार अधिक सांगते असें लिहून ठेवावें व तितके वजा करीत जावें. एका बिंदूवरची ही परीक्षा साऱ्या पट्टीला लागू करतां येत नाहीं हें खरें. परंतु ग्रंथांचें मरण ज्या टप्प्यांत आहे तो नेमका हाच. दमट हवेंत महिनोन् महिने राहिल्यानें डबी हळूहळू बहकते, म्हणून दरवर्षीं मृगापूर्वीं ही बरणी पुन्हां मांडावी.

डबी दोन घेतल्या तर आणखी एक प्रश्न सुटतो. पावसाळ्यांत खिडकी उघडावी कीं नाहीं, यावर प्रत्येक वाचनालयांत दोन पक्ष असतात. आंत २९ अंश व ७८ टक्के, बाहेर २५ अंश व ९० टक्के असले, तर आंकडे पाहून खिडकी बंद ठेवणारा पक्ष जिंकेल. पण बाहेरची ती हवा आंत येऊन २९ अंशांपर्यंत तापली, तर तिची आर्द्रता ७१ वर येते. म्हणजे त्या घटकेला बाहेरच्या हवेंत वाफ खरोखरी कमी आहे. आर्द्रतेशेजारीं उष्णमान लिहिलेलें नसेल, तर हा हिशेब करतांच येत नाहीं. बाहेरची डबी मात्र पाऊस व ऊन लागणार नाहीं, पण वारा खेळेल, अशा झडपांच्या पेटींत असावी. वेधशाळांतून स्टीव्हन्सनच्या नांवानें ओळखली जाणारी पांढरी पेटी याच कामाची आहे, आणि जुन्या खिडकीच्या झडपांतून कोणताही सुतार तशी करून देईल.

आंतली डबी तळच्या खणांत, पुस्तकांच्या मागें, भिंतीच्या बाजूस ठेवावी. कपाटांत तीच जागा सर्वांत थंड असते व हवा तेथें हलत नाहीं. आणि बहुधा वाचकाचा हातही तेथपर्यंत वर्षानुवर्षें पोंचलेला नसतो.